आधी उसवा, मग शिवा

देशाची अर्थव्यवस्था सावरत असल्याची बातमी छापून आली, की आमच्या गल्लीतले धकाते काका टीव्ही कपाटावर चढवतात. बातमी पहिल्या पानावर असेल तर गादीसुद्धा माळ्यावर जाते. एकट्या माणसाचे सामान ते, अर्ध्या तासात आटोपते. मग ते माझ्याकडे येतात. मी वर्तमानपत्रात अर्थविषयक बातम्या लिहितो आणि त्यांच्यापासून तीन घरे सोडून राहतो, त्यामुळे सरकारच्या वतीने उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर आहे असे ते धरून चालतात.

“काय पेपरवाले, आणली ना उभारी?”

“काका, सरकार खर्च करते आहे. लोकांना काम मिळेल. बातमी चांगली आहे.”

“चांगलीच आहे. पण सरकार खर्च कुठं करते? रस्त्यावर. रस्ता कुठं आहे? माह्या दारात. जुना उसवत नाही, त्याच्यावरच नवा शिवते. आता सांगा, उभारी कोणाची झाली?”

वस्तुस्थिती त्यांच्या बाजूने आहे. प्रतापनगरच्या मागे त्यांनी घर बांधले, तेव्हा रस्त्यावरून चार पायऱ्या चढून आत जावे लागे. नंतर डांबर आले, डांबरावर डांबर आले, त्यावर सिमेंट आले. आज दोन पायऱ्या उतरून जावे लागते, आणि पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणीही त्याच पायऱ्यांनी आत उतरते. घर जागचे हललेले नाही.

काकांचे वडील विणकर. काकांनी स्वतः माग चालवला नाही, पण गांधीबागेच्या बाजारातल्या दुकानात उभा जन्म कापड मोजण्यात घालवला. निवृत्त होताना मालकाने शाल, श्रीफळ आणि त्यांच्या हातातली लोखंडी मीटरपट्टी दिली. शाल एका पावसाळ्यात भिजून गेली. पट्टी घेऊन ते दर रविवारी उंबरठ्यापाशी बसतात आणि रस्ता मोजतात. पट्टीवर सेंटिमीटर आहेत, तरी नोंद बोटांत ठेवतात. “सेंटिमीटर सरकारसाठी. पाणी बोटानं चढते.”

मंदी आली तेव्हा सगळ्या शहराचे चेहरे उतरले. काकांचा खुलला. कोपऱ्यावरच्या अपार्टमेंटचे काम तिसऱ्या मजल्यावर थांबले आणि सळया गंजू लागल्या. जागांची दलाली करणारा बबलू घरगुती डबे पोहोचवू लागला. कुठलाही रस्ता मंजूर होईना. त्या काळात काकांनी नवा सोफा घेतला. गल्लीत सोफा घेणारे ते एकटेच होते. “मंदी म्हणजे मंदीच गा,” ते समाधानाने म्हणत, “घर कोरडं राह्यते.”

मग मंदी ओसरली. सरकारने पूल आणि रस्त्यांवर पैसा ओतला, घरांचे भाव उठले, बबलूने डबे सोडून पुन्हा दलाली धरली आणि पहिला काकांकडे आला.

“काका, भाव दुपटीवर गेला. सिमेंट रोड टच आहे तुमचा प्लॉट.”

“टच? अबे, तो माह्या डोक्यावरून जाऊन राहिला.”

“पण भाव तं वाढला ना!”

“घर खाली चाललं अन् भाव वर. असं कोणतं कापड आहे गा, जे धुतल्यावर वाढते?”

बबलूने तो भाव समोरच्या घराला मिळवून दिला. रोहित आणि अश्विनी या जोडप्याने ते तळमजल्याचे जुने घर घेतले. सामान उतरत होते, तेव्हाच काका पट्टी घेऊन पोहोचले आणि त्यांचाही उंबरठा मोजला. तो काकांच्या उंबरठ्याच्या बरोबरीतच निघाला. याचे त्यांना फार दुःख झाले नसावे.

“काहून वं पोरी, आता घेतलं घर? मंदीत अर्ध्या भावात देऊन राहिले होते. तेव्हा कुठं होते तुमी?”

“तेव्हा भाव अर्धा होता, काका,” अश्विनी म्हणाली, “पण आमच्या दोघांच्याही नोकऱ्या गेल्या होत्या.”

काकांनी पट्टी उचलली. “हं. बराबर आहे,” म्हणून ते घरी आले. त्यानंतर मंदीची स्तुती त्यांनी माझ्यापुरती ठेवली.

तीन वर्षांपूर्वी रस्त्यावर आणखी एक थर मंजूर झाला. काकांनी अर्ज लिहायला घेतले. प्रत्येक अर्जाचा विषय एकच: ‘आधी उसवा, मग शिवा.’ महापालिकेच्या कार्यालयातून एकदा शिवणकामाचा विभाग वेगळा असल्याचे तोंडी कळवण्यात आले. त्यांनी पुढच्या अर्जात खुलासा जोडला. त्यांना दारात पाणी नको होते. बाकी कोणतीही मागणी नव्हती.

उसवणे झाले नाहीच. यंदा एका सकाळी यंत्रे आली. मी पोहोचलो तेव्हा कंत्राटदाराचा सुपरवायझर उतार आखायच्या दोरीचे बंडल काखेत धरून काकांना समजावत होता. गल्ली अरुंद, उतार एकाच बाजूला द्यावा लागणार. नाली या कामात धरलेली नाही. म्हणजे ज्या बाजूला उतार, त्या बाजूच्या दारात पाणी.

“तुमच्या अर्जांनी साहेब थकले, काका,” तो म्हणाला. “मले सांगून ठेवलं, त्या काकांले काय पाह्यजे ते विचार अन् मोकळा हो. तं उतार समोर देतो. तुमच्या घरात थेंब येणार नाही.”

तीन वर्षांनी अर्ज मंजूर झाला होता. मी काकांचे अभिनंदन करायला हात पुढे केला. त्यांचे लक्ष नव्हते.

समोरचे दार उघडे होते. आत अश्विनीची आई भाजी निवडत होती. अश्विनीचा आठ महिन्यांचा मुलगा फरशीवरून वाटी ढकलत, तिच्या मागे रांगत चालला होता. वाटी पुढे जाई, तो पुढे जाई. मध्येच थांबून त्याने फरशी चाटून पाहिली.

“इकडं दे,” काका म्हणाले.

“काय?”

“उतार. माह्या बाजूनं.”

सुपरवायझरने माझ्याकडे पाहिले. मी काकांकडे पाहिले.

“काका, याच्याच साठी तुमी तीन वर्षं...”

“तिथं पोरगं जमिनीवर आहे. माह्या घरी जमिनीवर कोण आहे?”

यंत्रवाल्याने यंत्र बंद केले. सुपरवायझरने डोके खाजवले. साहेब उद्या विचारतील, तेव्हा तसे लिहून द्यावे लागेल, असे तो म्हणाला.

काकांनी माझ्याकडून पेन घेतले आणि माझ्याच पाठीवर कागद टेकवून तिथल्या तिथे लिहून दिले. चार ओळी होत्या. कारणाच्या जागी त्यांनी ‘वैयक्तिक’ लिहिले. सही केली, कागद त्याच्या खिशात कोंबला आणि समोरच्या दाराकडे पाठ फिरवली.

“आता बांध गा ती दोरी लवकर,” ते म्हणाले. “माहा विचार बदलला तं अजून तीन वर्षं लागन.”