नागप्पा हुडगे यांचे पाच तारे

जे कायदे कुठेही छापलेले नसतात, तेच माणसं डोळे मिटून पाळतात. छापील कायद्याला पळवाट असते, वकील असतो, पुढची तारीख असते. न छापलेल्याला यातलं काहीच नसतं. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत असा एक कायदा फार पूर्वीपासून लागू आहे: ज्याच्याशी नातं निघालं, त्याची तक्रार करायची नाही. आणि ज्याच्याशी नातं निघत नाही असा माणूस या भागात अजून सापडलेला नाही. दोन परके समोरासमोर आले तर ते सरासरी साडेचार मिनिटं परके राहतात (एसटीत बसायला जागा मिळालेली असेल तर तीन). पहिल्या मिनिटात गाव, दुसऱ्यात आडनाव, तिसऱ्यात आजोळ. उरलेल्या दीड मिनिटात कुणाची तरी आत्या मधे येते आणि दोघं एकमेकांचे पाहुणे होतात. मग चहा येतो. चहा प्यायल्यानंतर तक्रार करणारा माणूसही या भागात अजून सापडलेला नाही.

लातूरचे डाळ मिलवाले नागप्पा हुडगे यांना हा कायदा ठाऊक नव्हता असं नाही. तो आपल्याला लागू आहे असं त्यांना वाटत नव्हतं, एवढंच. नागप्पा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, कडक म्हणून प्रसिद्ध. दोन मुठी खडे निघाले म्हणून गुलबर्ग्याहून आलेला तुरीचा अख्खा ट्रक त्यांनी आल्या पावली परत लावला होता. लग्नाच्या पंगतीतसुद्धा वरण तोंडात घालण्याआधी ते दोन बोटांत डाळ दाबून बघतात, आणि मग यजमानाकडे बघतात. अशा माणसाला लॅपटॉपची कंपनी काय फसवणार?

लॅपटॉप घ्यावा लागला तो मुलीसाठी. मंजुश्री वास्तुशास्त्राचं शिकलेली. पुण्यातल्या एका फर्मचं काम ती लातुरात घरी बसून करायची. अजून पायाही खोदलेला नाही अशी इमारत बांधून, रंगवून, समोर झाडं लावून तयार आहे असं चित्र काढायचं, हे ते काम. (या चित्रातली झाडं पुढे कधीच लागत नाहीत, पण तो फर्मचा प्रश्न नाही.) नोकरी मंजुश्रीला जिवापाड आवडत होती. एवढ्या मोठ्या चित्रांना मोठं यंत्र लागतं, असं फर्मने कळवलं. नागप्पांनी दुकानात जाऊन सगळ्यांत महाग कोणता, एवढं एकच विचारलं आणि पावणेदोन लाखांचा लॅपटॉप घरी आणला. शिवम्मांनी म्हणजे त्यांच्या पत्नीने त्याला लांबूनच ओवाळलं, कारण हळदकुंकू आत गेलं तर वॉरंटी जाते असं दुकानदाराने बजावलं होतं.

यंत्राची प्रकृती पहिले अठरा दिवस उत्तम होती. एकोणिसाव्या दिवशी पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आली. दीड महिन्याने बिजागरी तुटली. चौथ्या महिन्यात बॅटरी पुरीसारखी फुगली. त्यानंतर मदरबोर्ड गेला, नवा बसवला, तोही गेला. मधल्या काळात पंख्याचा आवाज मिलमधल्या चाळणीसारखा येऊ लागला, पण नागप्पांना तो ओळखीचा असल्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र नांदेडला. तिथल्या भिंतीवर काचेच्या चौकटीत सेवा-नियम लावलेले आहेत. त्यातला अकरावा नियम विशेष वाचनीय आहे. त्याचा आशय असा: कंपनीची यंत्रं महाग असल्याने ती निर्दोष आहेत, हे गृहीत धरण्यात येत आहे. दुरुस्तीनंतर ग्राहकास फोन करून एक ते पाच असे तारे मागण्यात येतील. ग्राहकाने दोन किंवा कमी तारे दिल्यास त्यास नवे यंत्र देण्यात येईल. यंत्र निर्दोष असल्याने असमाधानास अभियंता जबाबदार ठरतो, सबब त्याच दिवशी अभियंत्यास कार्यमुक्त करण्यात येईल. (नियमाच्या शेवटी ‘आपला नम्र’ असं लिहिलेलं आहे.)

पहिल्या खेपेला नागप्पा लॅपटॉप पिशवीत घालून सकाळच्या एसटीने नांदेडला गेले ते एक तारा द्यायचा ठरवूनच. वाटेत त्यांनी चार वाक्यंही तयार केली होती. टेबलामागे तिशीतला, बारीक अंगाचा अभियंता बसलेला. नाव वीरभद्र बोळेगावे. त्याने हिरवी रेघ पाहिली आणि विचारलं,

“मामा, गाव कोणतं म्हणलात?”

नागप्पा बेसावध होते. त्यांनी गाव सांगितलं. वीरभद्र शिरूर अनंतपाळचा निघाला. नागप्पांनी, केवळ माहितीसाठी, घरी फोन लावला. शिवम्मांनी फोनवरच हिशेब केला: त्यांची मावशी चाकूरला दिलेली, मावशीची जाऊ चतुराबाई, आणि चतुराबाई ही वीरभद्रची सख्खी आत्या.

“आगं बाई, म्हंजे माझा भाऊच लागला की!” शिवम्मा म्हणाल्या. “च्या पेल्याबिगर येऊ नका तिथनं.”

अशा रीतीने चार मिनिटं दहा सेकंदांत नागप्पा ‘मामा’चे ‘दाजी’ झाले, आणि मंजुश्रीला तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा मामा मिळाला. चहा आला. तयार केलेली चार वाक्यं नागप्पांनी परतीच्या तिकिटाबरोबर खिशात ठेवली. संध्याकाळी कंपनीचा फोन आला तेव्हा त्यांनी पाच दाबला.

दुसऱ्या खेपेला, बिजागरीच्या वेळी, ते मनाचा हिय्या करून गेले आणि वीरभद्रच्या आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन आले. तिसऱ्या खेपेला लॅपटॉपबरोबर पाच किलो तूरडाळ गेली, कारण रिकाम्या हाताने कसं जायचं. चौथ्या खेपेला वीरभद्रच्या मुलीचं बारसं होतं. पत्रिकेत निमंत्रक म्हणून सहावं नाव ‘श्री. नागप्पा हुडगे (लातूर)’ असं छापलेलं होतं. मदरबोर्ड बारशाच्या मांडवातच बदलण्यात आला. दर वेळी फोन आला, दर वेळी पाच.

मंजुश्री मात्र बेजार झाली. यंत्र बिघडलं की काम बंद, आणि नांदेडची खेप होईपर्यंत ते दर वेळी आठ-दहा दिवस पडून. फर्मने दोनदा ताकीद दिली. तिसऱ्यांदा काम चुकलं तर नोकरी जाणार, हे लेखी आलं.

“आप्पा, तुम्ही दोन मुठी खड्यांसाठी ट्रक परत लावलात,” ती म्हणाली. “आन् हितं एक दाबायला बोट उचलंना व्हय तुमचं?”

“ट्रकवाला पाहुणा नव्हता गं.”

“आन् माझी नोकरी?”

नागप्पांना मुलीचं तोंड बघवेना. ते मिलमध्ये जाऊन उगीचच हमालांवर ओरडले.

दरम्यान कंपनीच्या मुख्यालयात आकडे जमा होत होते. नांदेड केंद्राचं ग्राहक-समाधान ९८.६ टक्के, देशात पहिलं. एकदा आलेले शंभरातले त्र्याण्णव ग्राहक पुन्हा येतात, हीही नोंद झाली. मुख्यालयाच्या मते ग्राहक पुन्हा पुन्हा येणं हे निष्ठेचं लक्षण होतं. (तो एकच यंत्र घेऊन येतो, असा रकाना अहवालात नव्हता.) केंद्राला ढाल जाहीर झाली. ती देण्यासाठी एक साहेब विमानाने आले आणि सर्वाधिक निष्ठावान ग्राहक या नात्याने नागप्पांना व्यासपीठावर बसवण्यात आलं. शाल मिळाली. नारळ मिळाला. बोलायची वेळ आली तेव्हा नागप्पांनी यंत्राचं नावच काढलं नाही, कारण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“माणूस लई चांगला हाय,” ते वीरभद्रकडे बोट दाखवून म्हणाले, आणि खाली बसले.

साहेबांनी ते यंत्राबद्दल समजून टिपून घेतलं. पुढच्या महिन्यात नागप्पांचा शालीतला फोटो त्या लॅपटॉपच्या जाहिरातीत झळकला.

वॉरंटी संपायला दोन दिवस राहिले असताना लॅपटॉप सहाव्यांदा बंद पडला. बाणेरच्या बावीस मजली इमारतीचं चित्र फर्मला द्यायची मुदत तीन दिवसांवर आली होती. मंजुश्रीने सूत्रं हातात घेतली. कंपनीकडे नोंदलेला नागप्पांचा नंबर काढून तिने स्वतःचा घातला. (त्यासाठीचा ओटीपी नागप्पांच्याच मोबाईलवर आला आणि त्यांनी तो मुकाट्याने वाचून दाखवला.) दोघं नांदेडला गेली. नागप्पांनी केंद्रात तोंड उघडायचं नाही, बाहेरच्या बाकावर बसायचं आणि चहा घ्यायचा नाही, अशा तीन अटी त्यांना एसटीतच मान्य कराव्या लागल्या.

काचेचं दार पुरतं लागत नव्हतं, त्यामुळे नागप्पांना सगळं ऐकू आलं. वीरभद्रने यंत्र उघडलं, आतलं सगळं तपासलं. मग म्हणाला,

“मंजू, हे मशीनच खराब हाय. पहिल्या दिशीच वळखलं होतं मी. किती बी दुरुस्त करा, हे असंच करत राहणार.”

“मग बोलला का न्हाई, मामा?”

“बोललो तर दाजी एक दाबतील म्हून भ्यालो. पोरगी व्हायची होती तवा.” स्क्रू घट्ट करत तो म्हणाला, “आज फोन यील. एक दे. नवीन मशीन मिळंल तुला. मी बघतो कुठंबी.”

“बारकी कशी हाय?” मंजुश्रीने विचारलं.

“दात यायलेत. झोपत न्हाई.”

लॅपटॉप सुरू झाला. परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसली होती. लोहा गाव मागे पडलं आणि मंजुश्रीचा फोन वाजला. एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज, अत्यंत प्रेमळ: आपण आमच्या सेवेने समाधानी असालच; कृपया एक ते पाच यांपैकी आकडा दाबा. पावणेदोन लाख मोजलेला बाप त्या अंगठ्याकडे बघत राहिला. तिने एक दाबावा असं नागप्पांना आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं, आणि तिने एक दाबला तर आपल्याला रडू फुटेल असंही वाटलं. आवाजाने विनंती दुसऱ्यांदा केली. मंजुश्रीने दाबला तो पाच. मग फोन पर्समध्ये टाकून तिने खिडकीकडे तोंड फिरवलं ते अहमदपूर येईपर्यंत.

यंत्र चौथ्या दिवशी, म्हणजे वॉरंटीबाहेर, कायमचं गेलं. बाणेरची इमारत मधल्या तीन दिवसांच्या बंद-चालूत आधीच नवव्या मजल्यावर अडकली होती. फर्मने मंजुश्रीच्या कामाचं रीतसर मूल्यमापन केलं आणि तिला पाचांपैकी दोन गुण दिले. दोन आणि त्याखालच्यांना फर्म ठेवत नाही. निर्णय कळवणाऱ्या बाई सभ्य होत्या. त्यांनी दीड वर्षात मंजुश्रीला कॅमेऱ्यावर एकदाच पाहिलं होतं, आणि ती लातूरची आहे की लासूरची हे त्यांना शेवटपर्यंत नक्की ठाऊक नव्हतं.

सुज्ञ वाचक एव्हाना या मागासलेल्या प्रथेवर मनसोक्त हसला असेल. एसटीत फोन वाजला तेव्हा तिने एक दाबावा म्हणून तुमचाही अंगठा शिवशिवला असेल, आणि ते बरोबरच आहे. पैसे मोजल्यावर माल चोख मिळायला हवा, मधे नाती कशाला. तुम्ही त्या बाबतीत पुढारलेले आहात. गेल्या आठवड्यात भर दुपारी चार जिने चढून तुमचं जेवण घेऊन आलेल्या माणसाला तुम्ही दोन तारे दिलेत, कारण रस्सा पिशवीत सांडला होता. तेव्हा कोणाची आत्या मधे आली नाही, चहाही झाला नाही, सगळा व्यवहार अकरा सेकंदांत आटोपला. मोबाईलवर तारे मागणाऱ्या त्या खिडकीत, ताऱ्यांच्या अगदी वर, त्याचं नाव लिहिलेलं होतं. आठवतंय का, बघा.