पंजाबरावांच्या घराचा धूर

"दिवाळीपासून माह्या घरची चूल बंद!" असं पंजाबरावांनी दसऱ्यालाच पारावर जाहीर करून टाकलं. ऐकणाऱ्यांना ते अभद्र वाटलं, पण पंजाबरावांना अडवणार कोण?

डोणगावचे ग्रामसेवक इंद्रभान साहेब यांनी त्यांच्या डोक्यात गोबरगॅस भरवला होता. जिल्हा परिषदा तेव्हा नव्या होत्या आणि साहेबांचा उत्साहही नवा होता. गोठ्यामागं खड्डा खणा, शेण कालवून ओता, वर लोखंडी टाकी पालथी घाला. बाईचे डोळे वाचतात, रानातली झाडं वाचतात आणि सरपण वाचतं. पहिल्या दोन गोष्टी पंजाबरावांना पटल्या. तिसरी थेट काळजाला भिडली. माघात प्रेमलाचं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न होतं. पंगतींसाठी बाभळीची लाकडं त्यांनी वर्षभर जमवून गोठ्याच्या भिंतीला रचली होती. त्या ढिगाकडं ते दुभत्या म्हशीकडं पाहावं तसं पाहत. रोजच्या चुलीनं तो ढीग खाऊन टाकला तर मांडवात काय जाळणार, हा घोर त्यांना होता.

दिवाळी गेली. थंडी पडली. गॅस धरला की टाकी वर उठायची होती, पण ती काही उठेना. शेजारचा कडूबा रोज विचारी, "पंजाबराव, टाकीचे दिवस भरले नाई का अजून?" पुढं पुढं गावाला हसायचाही कंटाळा आला आणि सगळे ती टाकी विसरून गेले.

आणि पौषातल्या एका पहाटे शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली. पंजाबराव हरखले. त्यांची बायको आशाबाई ओरडलीच, "पेटली वो!"

"हळू बोल, विझन," पंजाबराव कुजबुजले. "दार लावून घे, वारा लागू देऊ नको. आन मी साहेबाले घेऊन येईस्तोवर कोणाले एक शब्द सांगू नको. मधातच विझली त गाव मले जगू देणार नाई."

सायकल काढून ते डोणगावच्या वाटेला लागले. टोपी खुंटीवरच राहिली.

दहाच्या सुमारास साहेबांना मागं बसवून ते परतले, तर घरापुढं ही गर्दी. पंजाबरावांची छाती फुगली. "पाह्यलं साहेब? न बोलावता गाव जमलं." साहेबांनीही शर्टाची कॉलर नीट केली.

पण कुणी उठलं नाही. माणसं माना खाली घालून बसली होती. कडूबा तेवढा पुढं आला आणि त्यानं पंजाबरावांना गच्च मिठी मारली.

"धीर धरा, पंजाबराव. कोणाले चुकलं हाये?"

पंजाबरावांच्या मनात एकच आलं: गॅस भडकला असणार. आशा गेली, प्रेमला की माय? त्यांनी विचारायला तोंड उघडलं. इतक्यात कडूबाची बायको झुंबरबाई हिनं गळा काढला आणि पंजाबरावही हमसून रडू लागले. आपण कुणासाठी रडतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण थांबताही येत नव्हतं. योजना सरकारी असल्यामुळं साहेब हळूहळू मागं सरकू लागले.

तेवढ्यात दार करकरलं. अंगावर घोंगडी, हातात चहाची बशी, अशी पंजाबरावांची आई गोजरबाई उंबऱ्यात उभी.

"काऊन रडून राह्यले बे सारे? कोण गेलं?"

झुंबरबाईचा गळा अर्ध्यातच थांबला. कडूबा मटकन खाली बसला. गोजरबाईंनी बशी मागं उभ्या असलेल्या प्रेमलाच्या हातात दिली, पदर सावरला आणि म्हणाल्या, "सांगा त. मले बी रडा लागन नं."

प्रेमलाच्या मागून आशाबाईही डोकावली. सगळी धडधाकट पाहून पंजाबराव कडूबावर धावले. "माह्या जित्या मायले मारलं तुमी?"

"मंग आमी काय समजाव?" झुंबरबाई उसळली. "सकायपासून घरावर धूर नाई. मयताबिगर कोणाची चूल बंद राह्यते? बुढीचा रोजचा खोकला नाई. तुमी बोडक्यानं डोणगावकडं पयाले, थे त बुढीचं माहेर! मी दारातून इचारलं, त तुमची बायको म्हणे, 'थे आल्याबिगर मले काई सांगता येत नाई.'"

धूर नव्हता म्हणून खोकला नव्हता. खोकला नव्हता म्हणून म्हातारी वर्षानुवर्षांत पहिल्यांदा उन्हं वर येईस्तोवर झोपली होती. पंजाबरावांना हसू आलं आणि लगेच एक शंकाही आली. ते गोठ्यामागं धावले. भिंतीशी नुसत्या साली पडल्या होत्या.

"कडूबा, माही लाकडं?"

कडूबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. "नदीवर. दोन गाड्या झाल्या. अशा टायमाले घरच्याले इचारत नसतात."

"मले गाड्यांचा आवाज आला होता," आशाबाई म्हणाली. "वाटलं, गॅस आला म्हून तुमीच इकली."

"वापस आना!" पंजाबराव ओरडले.

कुणी जागचं हललं नाही. एकदा कुणाच्या नावानं मसणात गेलेलं लाकूड घरी येत नाही, आणि त्यावर लग्नाचा स्वयंपाक तर मुळीच नाही. इंद्रभान साहेबांनीसुद्धा नकारार्थी मान हलवली. पंजाबरावांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, आणि या वेळी कशासाठी ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "साहेब, आता पोरीच्या पंगती का या टाकीवर शिजवू?"

साहेब टाकीभोवती एक फेरी मारून आले. शेवटी कडूबाच म्हणाला, "माह्या घरची लाकडं घेऊन जा. चूक माही हाये. पन उद्यापासून रोज सकायी अंगणात एक गोवरी पेटवत जा, म्हंजे आमाले समजन."

पंजाबरावांनी ते कबूल केलं. इतका वेळ गोजरबाई नदीच्या दिशेनं पाहत होत्या.

"पंजाब, गाडी जुंप," त्या म्हणाल्या. "माही लाकडं मी पाहून येतो. या कडूबाचं रचणं पह्यल्यापासूनच वाकडं हाये."