कुणाला विचारून हलवलं?

नव्या आवृत्तीत भालूकाकांच्या कंप्युटरमधलं स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून उठून मधोमध येऊन बसलं, तेव्हा काकांनी अख्खा मॉनिटरच हलवला. टेबलाच्या डाव्या अंगाला स्टूल लावलं, स्टुलावर जुनी कौलं रचली आणि मॉनिटर एवढा सरकवला की मधलं बटण बरोबर पूर्वीच्या कोपऱ्याच्या जागी आलं. खुर्ची मात्र होती तिथेच राहिली. त्यामुळे काका मान डावीकडे वळवून बसायला लागले, शेजारच्या वाडीत कोण आलंय ते बघत असल्यासारखे.

"हाताला ती जागा ठाऊक आहे गो," ते मला म्हणाले. "हात काय पेपर वाचतो? त्याला कोण सांगणार, बटण हललं म्हणून?"

चौलात आमची घरं लागून आहेत. मधे एक मोडकं कुंपण आणि पोफळीची झाडं. मी रेवदंड्याच्या एका शाळेत मुलांना कंप्युटर शिकवते, आणि एवढ्याशा पुराव्यावर काकांनी मला त्या कंप्युटर बनवणाऱ्या कंपनीची चौलमधली माणूस ठरवून टाकलं होतं. सकाळी मी फुलं काढायला अंगणात आले की कुंपणापलीकडून आवाज यायचा, "तुमच्या लोकांनी काल काय केलं, कळलं का?"

माझ्या लोकांनी बरंच काही केलेलं असायचं. पडद्यावरच्या खिडक्यांचे कोपरे गोल केलेले असायचे. माऊसचं उजवं बटण दाबल्यावर 'कॉपी' आणि 'पेस्ट' हे शब्द दिसायचे, तिथे आता बारीक बारीक चित्रं आली होती. "ही कात्री कळली," काका म्हणायचे, "पण हे दोन कागद एकावर एक, म्हणजे कॉपी की पापड?"

"कुणाला विचारून हलवलं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते कंप्युटरपुरतं नव्हतं. काकूंनी मसाल्यांचा मिसळणाचा डबा वरच्या फळीवर ठेवला तरी तेच, देवळाबाहेरचा चपलांचा कट्टा उजवीकडून डावीकडे गेला तरी तेच. एकदा ओहोटीच्या वेळी आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो होतो. वाळूचा एक उंचवटा आदल्या आठवड्याच्या जागी नव्हता. काका कमरेवर हात ठेवून समुद्राकडे बघत उभे राहिले. त्यांच्या मनात काय चाललंय ते काकूंनी आणि मी बरोबर ओळखलं.

नव्या आवृत्तीत एक चौकोन अधूनमधून वर यायचा. हा बदल तुम्हाला कसा वाटला, असं विचारायचा आणि खाली चेहरे दाखवायचा, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. काका त्याला मनापासून उत्तर द्यायचे. चेहरा ते निवडत नसत, कारण त्यांच्या मते सगळ्यात रागावलेला चेहरासुद्धा "लग्नात आहेर मिळाल्यासारखा" होता. ते सरळ मराठीत लिहायचे. एकदा मी मागे उभी राहून वाचलं: 'महोदय, आपण आमच्या घरी पाहुणे म्हणून आलात आणि आमची बाजेची जागा बदललीत. आपला हेतू चांगला असेल. परंतु आम्ही रात्री पडलो.'

"उत्तर येतं का?" मी विचारलं.

"कामात असतील," काका म्हणाले.

दुपारी जेवणं झाली की आमच्या आळीत एक गुंगी पसरते. पोफळीच्या शेंड्यांतून ऊन ठिबकत खाली येतं, रहाटाचा आवाज थांबलेला असतो, आणि लांबून समुद्र कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसा ऐकू येतो. त्या वेळी काका कंप्युटर सुरू करून नुसते बसायचे. सुरू होताना पडद्यावर रोज एक नवं चित्र यायचं. कधी बर्फाचा डोंगर, कधी निळं तळं, कधी कुठल्याशा देशातला एकटाच दीपस्तंभ. नव्या आवृत्तीतली ही एकच गोष्ट त्यांनी माफ केली होती. काकू आतून विचारायच्या, "आज कुठे?" काका म्हणायचे, "तळं आहे. गार आहे पाणी." पंखा फिरत राहायचा, आणि पडदा विझला तरी काका त्या तळ्याकाठीच बसलेले असायचे.

त्यांना स्वप्नंही त्याचीच पडायची. एका सकाळी त्यांनी मला कुंपणाशी बोलावून सांगितलं. स्वप्नात स्टार्टचं ते निळं बटण घरातून बाहेर पडलं होतं. पोफळीमधून चाललं होतं, घाई नव्हती त्याला. काका मागे मागे. नारळाच्या वाड्या संपल्या, रेवदंड्याचा तट आला, वाळू आली. बटण पाण्याच्या कडेला जाऊन थांबलं.

"मग तुम्ही विचारलंत का, कुणाला विचारून हललंस म्हणून?"

"विचारणार होतो." काका थोडे घुटमळले. "पण तिथे सख्या बसला होता. पाठमोरा. मी हाक मारली तर वळला नाही."

सख्या म्हणजे सखाराम, हे मला काकूंनी सांगितलं. दोघं अलिबागला एकाच कचेरीत, शेजारशेजारच्या टेबलांवर. कचेरीत पहिला कंप्युटर आला तो या दोन टेबलांच्या मधे ठेवला. सखाराम माऊस धरायचा आणि काका कळा दाबायचे. एकट्याला दोन्ही जमेपर्यंत बरेच महिने गेले. पुढे सखाराम त्यात इतका तयार झाला की साहेबसुद्धा अडलं की "सखारामांना बोलवा" म्हणायचे. निवृत्तीनंतर तो रोह्यापलीकडे तळा या आपल्या गावी गेला. बायको गेल्यापासून एकटाच असतो. मुलगा नव्या मुंबईत. दर रविवारी सकाळी हे दोघे मित्र पडद्यावर समोरासमोर बसून चहा प्यायचे, तो तिथे, हे इथे.

"आता नाही पीत," काकू म्हणाल्या. "दिवाळीपासून तो येतच नाही. मोबाईलवर विचारलं तर म्हणतो, वेळ नाही रे. एकट्या माणसाला कसली आलीय कामं?"

त्यानंतर काका माझ्याकडे जरा जास्तच येऊ लागले. शिव्या चालूच होत्या, पण शिव्यांच्या मधे प्रश्न असायचे. बंद करायचं बटण कुठे गेलं? कॅमेरा लागला नाही तर कुठे बघायचं? अक्षरं मोठी कशी करायची? मी दाखवायचे, ते "काय ही अवदसा" म्हणायचे आणि पुन्हा दाखव म्हणायचे. हळूहळू त्यांना सगळं यायला लागलं. एक दिवस बघते तर कौलं अंगणात परत गेलेली, मॉनिटर टेबलाच्या मधोमध, आणि काका सरळ मानेनं बसलेले.

पौषात मला मावशीकडे तळ्याला जायचं होतं. काका म्हणाले, "मीही येतो. माझं एक काम आहे."

सकाळी निघालो. साळावच्या पुलावर आलो तेव्हा खाडीवर धुकं होतं आणि त्यात एक होडी कशावरही टेकलेली नसल्यासारखी दिसत होती. पुढे रोह्यापर्यंत आंब्याच्या मोहोराचा वास गाडीत येत राहिला. काका एरवी रस्त्यातला प्रत्येक नवा गतिरोधक कुणाला विचारून घातला ते विचारतात. त्या दिवशी ते काच खाली करून नुसते बाहेर बघत होते.

तळ्याला सखारामकाकांचं घर शोधावं लागलं नाही, काकांना पाठ होतं. शेजारची एक बाई अंगणात पापड घालत होती. ती म्हणाली, "हायत घरात. पन हल्ली भायेर येत न्हाईत जास्त. लेकानं दिवाळीत मशीन नवीन करून दिलान, तवापास्नं लेकाशी पन बोलत न्हाईत."

सखारामकाका उंच, इस्त्रीच्या सदऱ्यातले गृहस्थ. काकांना बघून ते दारातच थबकले. "अरे भाल्या, कळवायचंस तरी."

आत कोपऱ्यात कंप्युटर होता. त्यावर विणलेला रुमाल टाकलेला, रुमालावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि गठ्ठ्यावर चष्म्याचं घर. काकांनी तिकडे एकदाच पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

चहा झाला. मग काका घसा साफ करून म्हणाले, "सख्या, माझं काम होतं. तू यातला अधिकारी माणूस. माझ्या मशीनमध्ये बंद करायचं बटण सापडत नाही. दिवाळीपासून शोधतोय. ही बाई शाळेत शिकवते, पण हिलाही नाही सापडलं."

आदल्याच रविवारी काकांनी माझ्यासमोर तो कंप्युटर डोळे मिटून बंद करून दाखवला होता.

सखारामकाकांनी कपबशी बाजूला सारली. "माझं बंदच असतं हल्ली," ते म्हणाले. "बघायला हवं."

"मग बघू की दोघं मिळून."

गठ्ठा उतरला, रुमाल उतरला. काकांनी दुसरी खुर्ची शेजारी ओढून घेतली. पडदा उजळला. सखारामकाकांनी माऊसवर हात ठेवला आणि बाण सरळ डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे काही नव्हतं. बाण तिथेच घिरट्या घालत राहिला.

"माझंही तिथे नाहीये," काका म्हणाले. "आपल्याला न विचारता नेलंय कुठेतरी." मग जरा पुढे वाकून पडद्याच्या तळाशी बघत म्हणाले, "हे मधे निळं काय आहे रे? नको, हात लावू नकोस. काहीतरी बिघडेल."

"घाबरट आहेस," सखारामकाका म्हणाले. "कचेरीतही घाबरट होतास." आणि त्यांनी ते दाबलं. यादी उघडली. ते खुर्चीत ताठ झाले.

पुढचा तासभर मी बाजूला बसून बघत होते. काका प्रत्येक ठिकाणी अडत होते. 'कॉपी'च्या चित्राशी अडले, अक्षरं मोठी करताना अडले. ते बरोबर जागेच्या अलीकडे येऊन थांबायचे, डोकं खाजवायचे आणि म्हणायचे, "इथून पुढे मला काही सुचत नाही बुवा." मग सखारामकाकांचा बाण थोडा फिरायचा, अडखळायचा आणि नेमका तिथे जाऊन पडायचा. बंद करायचं बटण सापडलं तेव्हा ते म्हणाले, "डोळे फुटले होते का तुझे, भाल्या? हे काय समोर."

"खरंच की," काका म्हणाले. "किती साधं होतं."

निघताना काका म्हणाले, "रविवारी तूच लाव रे फोन त्याच्यावरून. मला लावायला जमत नाही." सखारामकाकांनी मान हलवली, जशी कचेरीत साहेबांपुढे हलवत असतील.

काका फाटकाबाहेर गेल्यावर सखारामकाकांनी मला मागे थांबवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, याला जरा सांभाळून घ्या. स्वभावानं चांगला आहे हो. पण नवीन काही आलं की गोंधळतो. आणि विचारायची लाज वाटते त्याला."

मी हो म्हटलं. काका गाडीपाशी पाठमोरे उभे होते, चपलेचा पट्टा नीट करत. पट्टा चांगला होता. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

परत येताना रोहा मागे पडला. काका खिडकीकडे बघत म्हणाले, "सख्या बारीक झालाय गो."

उन्हं कलली होती. रस्त्याच्या बाजूनं खाडी चमकत आमच्याबरोबर येत होती, आणि काका रेवदंडा येईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.