भुजंगरावांची लाल तारीख

भुजंगरावांच्या तारखेत दोन दिवस मिळवायचे, हे आमच्या विद्यापीठात नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मुख्य इमारतीसमोर काचेचा फलक आहे. त्यावर जी जाहिरात लागते तिच्या डोक्यावर लाल पेन्सिलीने ठळक ‘आखरी तारीख’ लिहिलेली असते आणि ती खऱ्या तारखेच्या दोन दिवस आधीची असते. छापलेली तारीख वाचावी म्हटलं तर नेमक्या त्याच ओळीवर कागदाची पट्टी टाचलेली असते.

“आपली माणसं आखरी दिवशीच जागी होतेत,” असं त्यांचं म्हणणं. “म्हणून तो दिवसच आपण अलीकडं वढायचा.”

माणसंही काही कमी नाहीत. त्यांनी दोन दिवस अलीकडे ओढले की आम्ही दोन दिवस पलीकडे ढकलतो आणि खऱ्या तारखेलाच धावत सुटतो. गेली वीस वर्षं हा व्यवहार दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे चालला होता.

भुजंगराव शिपाई आहेत. फलकाची किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधलेली, त्यामुळे कुलूप उघडताना त्यांना काचेला पोट लावून उभं राहावं लागतं. ओठांत टाचण्या धरलेल्या असतात आणि बोलणं त्यातून वाट काढत बाहेर येतं. त्यांना खुर्ची दिलेली आहे, पण तिच्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. हा माणूस बसतच नाही. त्यांच्याकडे नुसतं बघितलं तरी मला उगीच उठून कुठेतरी जावंसं वाटतं.

त्यातून फाल्गुन लागला की विचारू नका. रस्त्यापलीकडच्या पळसावर पान राहत नाही आणि आमच्या फलकावर जागा राहत नाही. उन्हाळी प्रशिक्षणं, शिष्यवृत्त्या, मधमाशीपालनाचं शिबिर, फुलांचं प्रदर्शन, क्वार्टर बदलून मिळण्याचे आणि अभ्यासरजेचे अर्ज. परभणीचं ऊन तापायला लागलेलं असतं, धूळ उडत असते आणि सगळ्यांना इथून कुठेतरी जायचं असतं. मला तर जरा जास्तच. मी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. पंधरा वर्षं ओल्या कागदावर बिया मांडून त्या उगवायची वाट बघते आणि दर फाल्गुनात पीएचडीसाठी अभ्यासरजेचा अर्ज आणून कपाटात ठेवते. अर्जांचा गठ्ठा चांगला जाड झालाय.

भुजंगराव जाहिरात नुसती लावत नाहीत, ती कुणाच्या मापाची आहे हे शिंप्यासारखं ओळखतात. मग त्या माणसाला गाठून म्हणतात, “हे तुमाला बसतंय.” आमच्याकडच्या एका भांडखोर प्राध्यापकांना त्यांनी वादविवाद स्पर्धेचं परीक्षकपद बसवलं. तीन दिवस दुसऱ्यांची भांडणं ऐकून प्राध्यापक इतके निवांत होऊन परतले की त्यांच्या घरून भुजंगरावांना पुरणपोळी आली.

एकदा तुम्ही त्यांच्या तावडीत सापडलात की अर्ज त्यांच्या देखरेखीखाली भरायचा. आधी शिसपेन्सिलीनं, त्यांनी बघितल्यावर पेनानं. आणि शेवटी बोट नाचवत ठरलेलं वाक्य यायचं, “रकाना खाली सोडू नका. खाली रकाना दिसला की साहेब लोक अर्ज बाजूला ठेवतेत.” काही नसेल तर ‘निरंक’ लिहा, आडवी रेघ मारा, पण रकाना भरा. माझ्या घराला लागूनच त्यांचं क्वार्टर आहे. ते एकटेच राहतात. बायको मी इथं येण्याआधीच गेलेली, मूलबाळ नाही. देवगाव फाट्याजवळ धाकटा भाऊ आहे असं सांगायचे. सणावाराला पांढरा सदरा घालून निघायचे. मी विचारायच्या आतच सांगायचे, “माणिककडं जायलोय.”

यंदा दोन गोष्टी एकदम झाल्या. संक्रांतीनंतर नवे अधीक्षक आले. त्यांना फलकावरच्या लाल तारखांची भानगड कळली तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी भुजंगरावांना बोलावून सांगितलं की यापुढे तारीख खरी लिहायची. दुसरी गोष्ट म्हणजे मे महिनाअखेर भुजंगराव निवृत्त होणार होते. निवृत्ती म्हणजे क्वार्टर सोडणं आलं. आणि नेमकी फलकावर जाहिरात लागली: रोपवाटिकेच्या देखरेखीसाठी निवृत्त कर्मचारी पाहिजे, मानधन आणि तिथेच राहायला खोली.

मी त्यांच्याच चालीवर म्हटलं, “काका, हे तुम्हाला बसतंय.”

तोंडात टाचण्या असल्याचा फायदा घेऊन ते पुढच्या कागदाकडे वळले. मी दोन-तीनदा विषय काढला, तेव्हा म्हणाले की बघू, अजून मुदत हाय. भुजंगरावांच्या तोंडी ‘अजून मुदत हाय’ हे मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला बरं वाटलं नाही. तिथं खोली मिळाली नाही तर हा माणूस जाणार कुठं? धाकट्या भावाच्या दारात कायमचं जाऊन राहणाऱ्यांतले ते नव्हते.

त्या वेळी फलकावरच्या बहुतेक सगळ्या जाहिरातींची मुदत पाडव्याच्या आदल्या दिवशी संपत होती, संध्याकाळी पाच वाजता. भुजंगरावांनी हुकमाप्रमाणे तीच तारीख लाल पेन्सिलीनं लिहिली. मग प्रत्येकाला थांबवून सांगितलं की औंदा तारीख खरी हाय. पण हे तर ते दरवर्षीच सांगायचे. सगळ्यांनी मान हलवली आणि मनातल्या मनात दोन दिवस मिळवले. मीही मिळवले. पाडवा झाल्यावर बघू म्हटलं.

मुदतीच्या दिवशी दुपारी बारापर्यंत आवकच्या खिडकीवर एकही अर्ज आला नाही. साडेबाराला भुजंगराव घामानं भिजून माझ्या प्रयोगशाळेत उभे होते. छातीशी फाईल.

“ताई, कोणीच न्हाई आलं ओ. सगळ्यायला वाटायलंय दोन दिवस हायत. गाडी काढा.”

मी स्कूटी काढली. त्या उन्हात आम्ही सगळं आवार पालथं घातलं. वसतिगृह, गोठा, ग्रंथालय, पार कापसाच्या प्रयोगशेतापर्यंत. कोणी जेवत होतं, कोणी झोपलेलं. एक संशोधक विद्यार्थिनी गावी जायला बसमध्ये बसली होती, तिला उतरवलं आणि स्टँडवरच्या बाकावर अर्ज भरून घेतला. भुजंगराव प्रत्येकाला तेच सांगत होते, पेन्सिलीनं आधी, रकाना खाली सोडू नका. पण आवाजात नेहमीचा रुबाब नव्हता. आपल्याच हातानं लावलेली सवय आपल्यावर उलटली, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. माझा अर्जही मी गाडीच्या सीटवर ठेवून भरला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तो कपाटाबाहेर पडला, तोही असा धापा टाकत.

साडेचारला आम्ही आवकच्या खिडकीशी पोचलो. एकेका अर्जावर शिक्का पडत गेला. मी फाईल हातात घेऊन बघितलं तर तळाशी चार घड्या घातलेला एक कागद राहिला होता. रोपवाटिकेचा अर्ज होता. सगळा भरलेला, छाप्यासारखं अक्षर. फक्त एक रकाना मोकळा. ‘संपर्कासाठी जवळच्या नातेवाइकाचे नाव व नाते.’ तिथं कागद खरखरीत झाला होता. पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडरबरानं पुसलेलं. उजेडात धरलं तर ‘माणिक’ वाचता येत होतं.

मी कागद तसाच धरून त्यांच्याकडे वळले. तेच खाली बघत म्हणाले, “माणिक गेला की ओ. मागच्या पोळ्याला.”

“मग सणाला जाता कुठं?”

“फाट्यापोत जातो. च्या पितो. परतीची गाडी आली की येतो.” मग म्हणाले, “इथं निरंक लिवावं म्हनलं, तर हात हुईना.”

मला इतका राग आला. त्यांचा नाही, माझा. भिंतीला भिंत लागलेली. दर सणाला तो पांढरा सदरा बघत होते आणि हा माणूस कुठं जातो ते मला माहीत आहे असं समजत होते. मी पेन काढलं आणि त्या खरखरीत जागेवर माझं नाव लिहिलं, वैशाली. नाते या शब्दापुढे क्षणभर थांबले. इतकी वर्षं काका म्हणत आले होते, दुसरं काय लिहिणार? ‘पुतणी’ लिहून टाकलं.

भुजंगरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

“एकदम पेनानं लिवलंत ताई,” ते म्हणाले. “आधी शिसपेन्सिलीनं लिवायचं असतंय. आता पुसता येत न्हाई.”

“पुसायचं नाहीच,” मी म्हटलं आणि अर्ज खिडकीत सरकवला. पाचला काही मिनिटं होती. शिक्का पडला. रोपवाटिकेची ती खोली त्यांना मिळेल की नाही ते अजून ठरलेलं नाही, माझी रजाही नाही. आम्ही दोघंही रोज एकमेकांना विचारून बेजार करतो.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी गुढी उभारत होते, तेवढ्यात फाटक वाजलं. पांढरा सदरा होता. मला वाटलं फाट्याला निघाले असतील. पण ते आत आले आणि पिशवीतून साखरेची गाठी काढून माझ्यापुढे धरली, लहान लेकरांच्या गळ्यात घालतात ती, पांढरी आणि गुलाबी.

“काका, मी एक्केचाळीस वर्षांची आहे,” मी म्हटलं.

“मालूम हाय,” ते म्हणाले. “त्या रकान्यात वयाची अट न्हवती. मी नीट वाचलंय.”