बैलांच्या भावाखालचं बीजगणित

भास्कर मास्तरांच्या तपकिरीच्या डबीत तपकीर नसे, शिशाचे बारीक दोन असत. छापखान्यातले खिळे, क्षच्या डोक्यावर बसून त्याचा वर्ग करणारे. आमच्या नगरच्या साप्ताहिकाकडे बाकी सगळे खिळे होते, पण बारीक दोन लागेल असं आम्ही कधी काही छापलं नव्हतं. मास्तरांनी ते पुण्याहून पदरचे पैसे घालून आणले. दर आठवड्याला राहुरीहून एस.टी.ने यायचं, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यासमोर डबी उघडायची, आणि अंक छापून झाला की खिळे रॉकेलने पुसून परत न्यायचे, हा त्यांचा नेम. एकदा शेजारच्या प्रवाशाने चिमूटभर तपकीर मागितली. मास्तरांनी डबी उघडून दाखवली. प्रवाशाने जागा बदलली.

एकाहत्तर साल होतं. मास्तर गणिताचे निवृत्त शिक्षक. मॅट्रिकच्या मुलांसाठी ते आमच्याकडे ‘अवयव पाडा’ हे सदर फुकट चालवत. मी त्या साप्ताहिकाचा उपसंपादक, वार्ताहर आणि मुद्रितशोधक होतो. हुद्दे तीन, खुर्ची एक. सदराची मुद्रितं तपासणं माझ्याकडे आलं, कारण मी मॅट्रिकला बीजगणितात दोनदा नापास झालो होतो हे संपादकांना ठाऊक नव्हतं. मास्तरांना पहिल्या दिवशीच कळलं. मी त्यांच्या एका वजाला कागदावरचा डाग समजून खोडलं होतं.

ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले. “क्ष वर्ग वजा क्ष वजा बारा. बारा कुणाचे? चार आणि तीनचे. फरक एक. म्हणजे एक अधिक, एक वजा. मोठ्याला मधल्या पदाचं चिन्ह द्यायचं. क्ष वजा चार, क्ष अधिक तीन. आता क्षच्या जागी एक टाकून बघा.” मी टाकला. प्रश्नाचे वजा बारा आले, उत्तराचेही वजा बारा. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही, म्हणून मी तो घरीही सांगितला नाही.

‘एक टाकून बघा’ हे ते कशालाही लावत. डझनभर केळी घेण्याआधी एक विकत घेऊन तिथेच खात. मी ‘शहरात तीव्र संताप’ असा मथळा दिला तेव्हा म्हणाले, शहराच्या जागी एक माणूस टाकून बघा, कोण संतापलं? मी बराच वेळ आठवत बसलो. आमचा जुळारी तेवढा संतापलेला होता, आणि तो माझ्या अक्षरावर. मथळा मी तसाच ठेवला.

त्यांची अट एकच होती. सदर घोडेगावच्या बैलबाजाराच्या भावांखालीच छापायचं. वर खिलारी जोडीचा भाव आणि खाली क्ष वर्ग, असा तो कॉलम दिसायचा. एकाने त्याच जागी पेंडीची जाहिरात देऊ केली, तेव्हा संपादकांनी सदर शेवटच्या पानावर टाकायचं ठरवलं. मास्तर जिना उतरून गेले. खाली पायरीवर मी त्यांना चहा दिला, तेव्हा कपाकडे बघत त्यांनी सांगितलं.

त्यांची मुलगी सुमन मॅट्रिकच्या वर्गात, अकरावीत असताना घोडेगावच्या एका बैलांच्या दलालाच्या घरात दिली. लग्नानंतर परीक्षेला बसवू, असं बोलणं झालं होतं. पुढे विषय निघेना. मास्तरांनी जाऊन विचारलं, आवाज चढला, आणि जाणं-येणं थांबलं. “त्या घरात पेपर येतो तो भावांसाठी. बाकीच्या पानांत भाकरी बांधतात.”

ती सोडवते का, मी विचारलं.

“ते कळायला मार्ग नाही.”

मी वर जाऊन संपादकांना सांगितलं की सदर हलवू नये. ते म्हणाले, “घोडेगावला जा. भाव घेऊन या, आणि बैल घेणाऱ्यांपैकी किती जण अवयव पाडतात तेही विचारून या.”

मी गेलो. पहिल्याच गिऱ्हाइकाने, कंचे अवयव, असं विचारून मला बैलाच्या मागच्या पायापाशी नेलं. मी पुढे कुणाला विचारलं नाही. भाव घ्यायला थेट त्या दलालाच्या, तात्यांच्या, घरी गेलो. ते गोठ्यात होते. गव्हाणीच्या वरची भिंत चुन्याने पांढरी केलेली, आणि तिच्यावर कोळशाने ओळीने आमच्या गेल्या अंकातली उदाहरणं सोडवलेली.

“सुनंचं हाय ते,” तात्या म्हणाले. “पेपर आला की आदी खालचं वाचती, मंग आमाला भाव सांगती. पुसू नका म्हनली, म्हनून न्हाई पुसलं.” मग वैरण सारखी करत म्हणाले, “आता परीक्षेचा कागद मागती. बघू.”

ती चहा घेऊन आली, कप ठेवून आत गेली. मी भिंतीकडे बघत होतो. शेवटच्या उदाहरणात क्षच्या जागी मनातल्या मनात एक टाकला. प्रश्नाचे वजा बारा आले, उत्तराचे वजा दहा. मी पुन्हा मोजलं, कारण दोघांपैकी मी चुकलो असण्याचा संभव जास्त होता. चूक तिची होती.

संपादकांना मी सांगितलं, एक वाचक पक्का आहे. माझ्या बातम्यांना तेवढाही आजवर सापडलेला नव्हता, म्हणून असेल, त्यांनी मान डोलावली. सदर जागेवर राहिलं.

मास्तरांना भिंतीचं सांगितलं. परीक्षेच्या कागदाचं सांगितलं. ते डबी हातात धरून ऐकत राहिले.

“सगळी बरोबर?”

“एक चुकलं. क्ष अधिक चार, क्ष वजा तीन लिहिलंय.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “घाई करते,” म्हणाले. “लहानपणापासून.”

पुढच्या अंकाच्या सगळ्या उदाहरणांत मधलं पद वजा होतं आणि शेवटचंही वजा. बारीक दोन पुरले, वजा संपले. जुळाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. बैलांच्या भावांत दोन आकड्यांच्या मधे ज्या आडव्या रेघा असतात, त्या मी काढून त्याच्या हातात दिल्या, आणि त्या आठवड्याचे भाव ‘पासून’, ‘पर्यंत’ असे अक्षरी छापले.