भूगर्भीय लवकरच

मोठं काम व्हायचं असेल तर कुणाला तरी कुणाच्या तरी खाली जावंच लागतं. हे सत्य सर्व कार्यालयांना मान्य आहे. पृथ्वीलाही मान्य आहे, हे मात्र मला खनिज शोध कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसल्यानंतर कळलं.

आमच्या किनाऱ्यापुढे समुद्राचा तळ जमिनीच्या कडेखाली शिरतो आहे. वेग वर्षाला चार सेंटिमीटर. (नखं साधारण याच वेगाने वाढतात.) रजा नाही, प्रवासभत्ता नाही, बढती तर नाहीच, उलट नोकरी जितकी जास्त तितका तो अधिक खाली. तरीही इतक्या कोटी वर्षांत त्याची एकही तक्रार आवक नोंदवहीत नाही. (मी पाहिलं आहे.)

या तळाच्या कामावर लक्ष ठेवायला आमच्याकडे एक वरिष्ठ भूवैज्ञानिक होत्या. गावात त्यांना दगडबाई म्हणत. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, पायात मोठे बूट, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या मागच्या भिंतीचा दगड बघायची सवय. एकोणीस वर्षांत त्यांनी गावामागच्या टेकडीत सहा खोल भोकं पाडून घेतली. पहिल्या पाचांतून दगड निघाला. (तो आमच्या जिन्यात रचून ठेवलेला आहे. वर येणाऱ्याने आडवं चालावं, अशी सूचना लावली आहे.) सहाव्या भोकात, आठशे चाळीस मीटर खाली, राखाडी दगडात केसासारख्या भेगा सापडल्या आणि भेगांत पितळी रंगाचे ठिपके. बाईंनी ते भिंगातून पाहिले, ड्रिलिंगच्या मिस्त्रींना दाखवले, आणि मग जिन्यात बसून थोडं रडल्या. मी त्यांना चहा नेऊन दिला. असा प्रसंग आमच्या कार्यालयात पूर्वी घडलेला नसल्याने त्याचा वेगळा नमुना उपलब्ध नव्हता.

प्रयोगशाळेचा निकाल असा: तांबं शंभर भागांत अर्ध्या भागाहून कमी, सोनं दर टनाला एक ग्रॅमचा तिसरा हिस्सा. म्हणजे ट्रकभर दगड कुटावा तेव्हा एक अंगठी, तीही जावई मुकाट्याने खिशात घालील अशी.

बाईंनी दोनशे बारा पानांचा अहवाल लिहिला. त्याचं शेवटचं वाक्य होतं: ‘सदर साठा भूगर्भशास्त्रीय मानाने अलीकडचा असून, टेकडीची झीज सध्याच्या गतीने चालू राहिल्यास त्यातील तांबे व अत्यल्प सोने त्याच मानाने लवकरच पृष्ठभागावर उघडे पडेल.’

आमचे साहेब कोणताही अहवाल शेवटाकडून वाचायला घेतात आणि एका वाक्यावर थांबतात. वेळ वाचवण्याचा हा उत्तम मार्ग आहे. ते वाक्य लोकांसाठी सोपं करण्याचं काम माझ्याकडे आलं. ‘भूगर्भशास्त्रीय’, ‘झीज’, ‘अत्यल्प’ असे बोजड शब्द सामान्य माणसाला उगाच त्रास देतात, म्हणून लोकहितार्थ मी ते गाळले. तांबंही गाळलं, कारण त्यासाठी कुणी थांबून वाचत नाही. उरलेला मजकूर फलकावर लावला: ‘टेकडीत सोने. लवकरच.’

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत माझा इतका वाचला गेलेला मसुदा दुसरा नाही.

पहिल्या आठवड्यात टेकडीवर अकरा माणसं फावडं घेऊन गेली. दुसऱ्यात तीनशे चाळीस. बाजारातली फावडी संपली, मग चाळण्या, मग झारे. तिघांना खरोखर सोनं सापडलं. (त्यातल्या दोघींना एकमेकींची कानातली, तिसऱ्याला स्वतःचा दात.) टेकडीचे मालक टेकडीचे हिस्से पाडून विकू लागले. हिस्सा सतरंजीएवढा, खोली अमर्याद.

दगडबाईंना हे सगळं कळायला वेळ लागला, कारण त्या सातवं भोक कुठे पाडावं या विचारात होत्या. कळलं ते घरातच. त्यांचा धाकटा दीर शिंपी. त्यांच्याच घराच्या तळमजल्यावर त्याचं दुकान, दोन मशिनं, आणि हात असा की वाकड्या माणसालाही सदरा सरळ बसावा. एका दुपारी बाई घरी आल्या तर दुकानात मशिनं नव्हती. जिथे मशिनं असत तिथे फरशीवर चार-चार पांढुरके ठिपके तेवढे होते, आणि मधे दीर नवं फावडं घेऊन स्टुलावर बसला होता.

“भाऊजी, मशिनं कुठे गेली?”

“दिली, वहिनी. आता काय करायचीत? टेकडीवर दोन हिस्से घेतले.”

“कुणाला विचारून?”

“विचारायचं काय त्यात? तुम्हीच तर लिहिलंय लवकरच म्हणून. घरची माणसं तुम्ही. आम्ही नाही विश्वास ठेवायचा तर कुणी ठेवायचा?”

बाईंनी या वेळी मागच्या भिंतीकडे पाहिलं नाही. प्रथमच त्या दिराच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या, आणि तो इतका आनंदी होता की त्यांना तिथे थांबवेना. त्याच पावली त्या कार्यालयात आल्या आणि थेट साहेबांच्या खोलीत शिरल्या. दार उघडंच राहिलं, त्यामुळे मला ऐकणं टाळता आलं नाही. (मी प्रयत्नही केला नाही.)

“साहेब, तो फलक उतरवा.”

“का? त्यात खोटं काय आहे?”

“लवकरच म्हणजे बेचाळीस लाख वर्षं.”

साहेबांनी डोळे मिटून विचार केला. “सुट्ट्या धरून की कामाचे दिवस?”

“साहेब!”

“बरं, बरं. यात काही घट करता येईल का?”

या प्रश्नाचा सखोल विचार करण्यासाठी त्याच दिवशी समिती नेमली गेली. समितीने दोन बैठकांत पुढील गोष्टी निदर्शनास आणल्या: टेकडी वर्षाला एक मिलिमीटरचा पाचवा हिस्सा झिजते, हे कामचुकारपणाचं लक्षण आहे, आणि समुद्रतळाचा चार सेंटिमीटर हा वेगही समाधानकारक नाही. तो दुप्पट करावा, अशी शिफारस झाली. तळ जोराने सरकला तर भूकंप वाढतील, असं बाई म्हणाल्या. त्यावर समितीने सर्वानुमते नोंदवलं की भूकंप हा विषय दुसऱ्या खात्याकडे आहे.

शेवटी लोकांच्या शंका दूर करण्यासाठी नाट्यगृहात सभा ठरली. साहेबांनी बाईंना बजावलं होतं, “दोन शब्द बोला आणि बसा.” त्या मंचावर आल्या त्या आमच्या कार्यालयाची चहाची किटली घेऊन. किटली मधोमध कापलेली होती. (हे काम मिस्त्रींनी केलं. किटली अजूनही साठा नोंदवहीत ‘एक नग’ अशीच आहे. आता प्रत्यक्षात दोन आहेत.)

“हा आत पांढरा थर दिसतोय?” बाई म्हणाल्या. “पाण्यात विरघळलेलं होतं ते इथे चिकटून बसलं. खाली असंच काहीसं होतं. समुद्राचा तळ जमिनीखाली जातो तो कोरडा नाही, ओलाचिंब जातो. शंभर किलोमीटर खाली गेला की दाबाने, उष्णतेने त्याचं पाणी सुटतं. ते पाणी वरच्या तापलेल्या खडकात शिरतं, आणि एरवी वितळला नसता असा खडक वितळतो. तो रस हलका, म्हणून वर चढतो. जमिनीच्या आत दोनेक किलोमीटरवर येऊन अडकतो, थंडावतो, आणि त्यातलं कढत पाणी भोवतीच्या दगडाला तडे पाडत सुटतं. त्या पाण्यात तांबं असतं, चिमूटभर सोनं असतं. पाणी निवलं की ते तड्यांत बसतं. किटलीत उकळून बसतं, तिथे निवून बसतं, एवढाच फरक. आपल्या टेकडीत हे साठ लाख वर्षांपूर्वी झालं. तेव्हापासून वरचे बाराशे मीटर झिजून गेले, आठशे चाळीस राहिलेत. त्याला आणखी बेचाळीस लाख वर्षं लागतील. फावड्याने कुणाला काही मिळणार नाही. आणि लवकरच हा शब्द मी लिहिला. त्या शब्दाला तुम्ही काय समजाल, याचा मी विचार केला नाही. चूक माझी आहे.”

हे बोलताना त्यांचा आवाज फक्त एकदा अडखळला, तिसऱ्या रांगेत बसलेला दीर दिसला तेव्हा. साहेब पंख्याकडे पाहत होते. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो, कारण शब्द मी गाळले होते आणि ते कुणीच बोललं नव्हतं.

मग भाजीवाल्या मावशी उठल्या.

“बाई, बेचाळीस लाख म्हणजे पक्कं?”

“थोडं मागेपुढे होईल.”

“पण येणार ते नक्की?”

“झीज थांबली नाही तर येईलच.”

मावशी वळून सगळ्यांना म्हणाल्या, “ऐकलंत? नक्की येणार म्हणतायत!”

टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी सतरंजीएवढ्या हिश्शाचा भाव दीडपट झाला.

दिराने आपले हिस्से विकायला काढले. सभेत त्याला मान वर करवली नव्हती, रात्री जेवताना तो फक्त म्हणाला होता, “वहिनी, सगळ्यांसमोर चूक कबूल करायची काही गरज नव्हती.” बाई म्हणाल्या, “तुमच्या मशिनांसाठी होती.” हिस्से घ्यायला बाजारातले कुलूपवाले काका आले, तेव्हा बाई मुद्दाम शेजारी उभ्या राहिल्या आणि भाऊजींना म्हणाल्या, “आधी खरं सांगा त्यांना.”

“काका, यात काही नाही,” दीर म्हणाला. “बेचाळीस लाख वर्षं थांबावं लागेल.”

“माहितेय. होतो मी सभेला,” कुलूपवाले म्हणाले. “आकडा सांगितला ना बाईंनी? मग झालं. आकडा असला की माणसाला बरं असतं.”

त्या पैशांत मशिनं परत आली आणि त्याच चार-चार ठिपक्यांवर बसली. दीर आता बाईंच्या दगडांच्या नमुन्यांसाठी जाड कापडाच्या पिशव्या शिवतो. शिवण अशी की दगड फाटेल, पिशवी नाही. बाईंना खुलाशाची नोटीस आली. त्यांनी दोनशे बारा पानांचा खुलासा दिला, आणि साहेबांनी त्याचं शेवटचं वाक्य वाचून तो समाधानकारक ठरवला. सातव्या भोकाला मंजुरी मिळाली आहे. मी वारसांच्या नावांची नोंदवही उघडली आहे, कारण लोकांची तशी मागणी होती. दीड लाख पिढ्यांसाठी रकाने आखायचं काम चालू आहे.

या माणसांना हसणाऱ्या सुजाण वाचकांना माझी एकच विनंती आहे. तुम्ही नोंदवलेल्या नव्या घराचे कागद कपाटातून काढा आणि ताबा कधी मिळणार, त्यापुढे काय लिहिलंय ते वाचा. आकडा असला, तर आमच्या बाईंना कळवा. त्यांना लांबच्या तारखांचा अभ्यास आहे.