ग्राफिक्स कार्ड आणि अकरा स्क्रू

नातीचं पत्र येऊन तेवीस दिवस झाले होते आणि संदर्भकाकांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. एकोणचाळीस वर्षं ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसून त्यांनी लोकांच्या हजारो प्रश्नांची उत्तरं शोधून दिली होती. संदर्भकाका हे नावही तिथलंच. माझ्या टेबलावरून एकही प्रश्न उपाशी परत गेला नाही, एवढी एकच बढाई ते मारत, आणि तीही हळू आवाजात, समोर कुणी नाही हे पाहून.

पत्र लहानसंच होतं. ‘आबा, माझ्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलून मोठं घालता येईल का? नवा गेम त्यावर अडखळत चालतो. मी दारातून आत शिरेपर्यंत बाकीच्या तिघी लढून परत आलेल्या असतात. पुढच्या महिन्यात अठ्ठावीस तारखेला स्पर्धा आहे. तोवर सुधारलं नाही तर माझ्या जागी दुसरी घेणार आहेत. बाबा म्हणतात कार्ड बदलता येत नसतं, मी म्हणते येतं. आबा लेखी सांगतील ते खरं, असं ठरलंय. लवकर सांगा.’

हे फोनवर विचारता आलं असतं. पण फोन वाजला की संदर्भकाका तो उचलून बायकोच्या हातात देत. त्यांच्याकडून काही हवं असेल तर लिहावं लागतं, हे घरात लहानथोरांना ठाऊक होतं.

‘लेखी सांगतील ते खरं’ वाचून ते कामाला लागले. त्यांनी चार पुस्तकं आणि मासिकांचा एक गठ्ठा पालथा घातला. काही लॅपटॉपांतलं कार्ड निघतं, बहुतेकांतलं निघत नाही, मॉडेल पाहावं, एवढंच कळलं. ‘नाही’ लिहावं तर पोर संघातून जाणार. ‘होय’ लिहावं आणि ते चुकीचं निघावं, तर मुलगा नवं कार्ड आणून कपाळाला हात लावून बसणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पहिला मसुदा सहा पानांचा झाला. पडद्यावर चित्र कसं उमटतं इथपासून त्यात सगळं होतं, फक्त होय किंवा नाही नव्हतं. दुसरा नऊ पानांचा झाला आणि त्याला सूचीही होती.

कोपऱ्यावर लॅपटॉप-दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे विचारा, असं बायकोने दोनदा सुचवलं. पण जन्मभर काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला बाहेरच्या बाजूने प्रश्न विचारायचा कसा, हे ठाऊक नसतं.

तेविसाव्या दिवशी दुपारी त्यांना मार्ग सुचला. मुलाने दोन वर्षांपूर्वी एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप घेतले होते, एक लेकीला आणि एक आईला. अगदी जुळे. एकाचं पोट उघडलं की दुसऱ्याच्या पोटातलं कळणार. अस्सल साधन घरात असताना आपण पुस्तकं चाळत बसलो, याची त्यांना लाज वाटली.

बायको दर बुधवारी आणि शनिवारी चार वाजता त्या लॅपटॉपसमोर बसून बारा जणींना शिवणकाम शिकवी. त्या दिवशी बुधवार होता. दोन वाजता ती अस्तराचं कापड आणायला बाहेर पडली, आणि संदर्भकाकांनी चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर काढून लॅपटॉप पालथा घातला.

अकरा स्क्रू होते. दुसरा कुणी असता तर त्याने स्क्रू ज्या जागेचे त्या जागेच्या क्रमाने मांडून ठेवले असते. संदर्भकाकांच्या हाताला ते वळण नव्हतं. पसारा दिसला की वर्गवारी करायची, हे हाडीमासी खिळलेलं. त्यांनी स्क्रू लांबीप्रमाणे लावले: चार लांब, पाच मध्यम, दोन आखूड. तीन बाटल्यांची तीन झाकणं घेतली आणि प्रत्येकात चिठ्ठी ठेवली. ते नीटनेटकं काम पाहून त्यांना स्वतःबद्दल बरं वाटलं. असं त्यांना वर्षातून एखाद वेळा वाटे.

आत पंखा होता, पंख्यात रंगीबेरंगी धाग्यांचा बोळा होता, तांब्याची नळी होती, एक रिकामी खाच होती. काढून दुसरं घालावं असं काहीच दिसेना. पण आपल्याला दिसत नाही म्हणजे नाहीच, असं संदर्भ विभागात कधी चाललं नव्हतं. खाली काही आहे का पाहावं म्हणून त्यांनी एक चपटी तार जरा बाजूला केली, तर ती सुटूनच आली. त्यांनी ती परत दाबून बसवली. निदान बसली असं त्यांना वाटलं.

मग स्क्रूंकडे वळल्यावर ध्यानात आलं की कुठला स्क्रू कुठल्या भोकातला, हे एकाही चिठ्ठीवर नव्हतं. म्हणजे पुस्तकं आकाराप्रमाणे लावली होती आणि कपाटाचा नंबर लिहायचा राहिला होता. शेवटी त्यांनी अंदाजाने न्याय केला, लांब कडेला, आखूड मध्ये. एक लांब स्क्रू शिरेना, तर जरा जोर लावला. शिरला.

लॅपटॉप सरळ केला, तर मनगट टेकायच्या जागी मिरीएवढा उंचवटा वर आला होता. बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. एवढ्यात दार वाजलं.

“अहो, हे काय चाललंय?”

“काही नाही. एक संदर्भ पाहत होतो.”

“कुठे?”

“आत.”

बायकोने बोटाने उंचवटा चाचपला. मग तिने वर्गासाठी फोन इस्त्रीला टेकवून उभा केला. त्या दिवशी बारा जणींना बाही कशी जोडतात ते दिसलं नाही, बाईंचं कोपर तेवढं दिसलं. त्याआधी तिने नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली: दुकानात तुम्ही जायचं, बोलायचंही तुम्हीच, मी येणार नाही.

दुकानात एक बाई डोळ्याला भिंग लावून बसली होती. संदर्भकाकांनी लॅपटॉप ठेवला आणि वर ‘कृपया पाहावे’ अशी चिठ्ठी ठेवली. दुरुस्तीवालीने चिठ्ठी वाचली, उंचवट्यावरून अंगठा फिरवला आणि घरी उघडला होता का, असं विचारलं. संदर्भकाकांनी मान खाली घातली.

लांब स्क्रू आखूड जागेत घुसला होता. बोर्ड केसभराने वाचला, असं ती म्हणाली. तिने सुटलेली तार बसवली, धाग्यांचा बोळा चिमट्याने ओढून काढला आणि लॅपटॉप सुरू झाला. उंचवटा मात्र राहील, सवय होईल, असंही तिने सांगितलं.

संदर्भकाकांनी काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली.

“याचं ग्राफिक्स कार्ड बदलता येतं का?”

“नाही,” ती मान वर न करता म्हणाली. “बोर्डालाच झाळून टाकलेलं असतं. मेमरी वाढवा, ती खाच रिकामी आहे. पंखा साफ ठेवा. आणि गेममधली चित्रं जरा हलक्या दर्जाची लावा. अडखळणं बरंच थांबतं.”

सगळं मिळून दहा-बारा सेकंदं लागली. पहिला शब्दच ‘नाही’, आणि तरी छत कोसळलं नव्हतं. मागचा माणूस आपला चार्जर घेऊन पुढेसुद्धा सरकला होता.

घरी येऊन ते कागद घेऊन बसले आणि तासभर बसूनच राहिले.

“फोन करून टाका ना,” बायको म्हणाली.

“लेखी ठरलंय.”

“मग पहिला शब्द ‘नाही’ लिहा. पुढचं पुढे.”

“वाईट वाटेल गं तिला.”

“आणि तेवीस दिवस रोज टपालाची वाट पाहून काय वाटतंय, ते कुठल्या पुस्तकात बघणार आहात?”

त्यांनी लिहिलं. ‘नाही. कार्ड बदलता येत नाही, बाबांचं बरोबर आहे. पण मेमरीची एक खाच रिकामी आहे. दुकानात नेऊन मेमरी घालून घे, पंखा साफ करून घे, गेममधली चित्रं हलकी ठेव. स्पर्धेपुरतं निभावेल असं वाटतं. खात्रीने सांगता येत नाही. स्वतः उघडू नकोस, बाबांनाही उघडू देऊ नकोस. यातलं काहीही मी वाचलेलं नाही, विचारून आलोय. फार उशीर केला, चूक माझी. – आबा.’

अठ्ठावीस तारखेला अजून सहा दिवस होते आणि पत्राला दोन लागत. संदर्भकाका दुसऱ्या दिवशी सकाळीच टपालपेटीपाशी गेले. पाकीट अर्धं आत सरकवलं आणि त्यांना शंका आली. ‘निभावेल’ ऐवजी ‘निभावू शकेल’ हवं होतं का? हात तसाच राहिला. मागे एक गृहस्थ तीन पाकिटं घेऊन उभे होते. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली.

“काका, पत्र टाकताय की काढताय?”

“टाकतोय,” संदर्भकाका घाईघाईने म्हणाले. अनोळखी माणसासमोर एकदा तसं बोलून गेल्यावर पाकीट सोडणं भागच होतं.